कुणी न घेतलेली गिटार घेण्याआधी

दुर्मीळ म्हटलं की आपल्याला वस्तू मौल्यवान वाटते. स्वस्त इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक वेळा उलटा बसतो. महागडी गिटार दुर्मीळ असते, कारण ती थोडीच बनवलेली असते. स्वस्त गिटार दुर्मीळ होते ती दुकानात पडून राहिल्यामुळे. कंपनी काहीतरी वेगळं करून पाहते, गिऱ्हाईक पाठ फिरवतं आणि दोनतीन वर्षांत मॉडेल बंद होतं. पुढे कधीतरी तीच गिटार कुणाच्या माळ्यावरून खाली येते, विकणारा तिला 'रेअर पीस' म्हणू लागतो, आणि घेणारा दहा जणांना विचारत सुटतो. दहा जण दहा मतं देतात. गंमत म्हणजे दहाही जण खरं बोलत असतात.

स्वस्त कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गिटारी सारख्या नसतात. लाकूड वेगळ्या फळीतलं असतं, फ्रेट बसवणारा हात वेगळा असतो. शेवटची बारीक जुळवणी, जिला सगळे 'सेटअप' म्हणतात, ती तर बहुधा झालेलीच नसते. महाग गिटारच्या किमतीत या कामाची मजुरी धरलेली असते, स्वस्त गिटारमध्ये ते काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. डोक्याजवळच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा अर्धा मिलिमीटर उंच राहिल्या तरी पहिल्या दोनतीन फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर लागतात आणि बोटं सोलवटतात. असा नग ज्याच्या वाट्याला आला तो म्हणणार, भंगार आहे. दुसऱ्यानं जाणकाराकडून खाचा घासून घेतल्या, नेक सरळ करून घेतली, की तो म्हणणार, हिच्यापुढे पन्नास हजारांची फिकी. दोघंही मॉडेलबद्दल बोलतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोघंही बोलत असतात आपापल्या हातातल्या नगाबद्दल.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे स्क्वायर '५१. स्क्वायर ही फेंडरची स्वस्त फळी. २००४ च्या सुमारास तिनं ही विचित्र गिटार बाजारात आणली. अंग स्ट्रॅटोकास्टरचं, डोकं टेलिकास्टरचं, पिकगार्ड आणि चकचकीत धातूची पट्टी १९५१ च्या प्रिसिजन बासवरून उचललेली. नेकजवळ तिरका सिंगल कॉइल पिकअप, ब्रिजजवळ दोन कॉइलांचा हंबकर. टोनचं बटण नाहीच. पिकअप बदलायला नेहमीच्या पट्टीस्विचऐवजी गोल फिरणारं बटण, आणि व्हॉल्यूमचं बटण वर ओढलं की हंबकरचं एक कॉइल बंद. नव्यानं शिकणाऱ्याला हे समजेना आणि जुन्या वाजवणाऱ्याला स्क्वायरच्या नावाची लाज वाटे. दोनतीन वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. उरलेला माल अमेरिकेत शंभर डॉलरच्या आतबाहेर विकला गेला, आणि मग कौतुक सुरू झालं! पुढे २०११ मध्ये खुद्द फेंडरनं आपल्या पॉन शॉप मालिकेत हेच डिझाइन मोठ्या किमतीला परत आणलं.

कौतुक करणारे ते लोक खोटे नव्हते. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी ती गिटार स्वस्तात घेतली, उघडली, पिकअप बदलले, तारजोडणी बदलली आणि मग वाजवली. ती जोडणी त्यांची स्वतःची होती. आज कुणी तुम्हाला '५१ विकायला आला आणि त्या जुन्या कौतुकाचा दाखला देऊ लागला, तर आधी विचारा की आत काय काय बदललंय. तसंच मत देणाऱ्यालाही थोडं उलट विचारायला संकोचू नका. तारा कोणत्या जाडीच्या होत्या, नऊच्या की दहाच्या? किती महिने हाताळली? कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरवर? घेताना किती दिले? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण फुकटात मिळालेल्या वस्तूचे दोष माणूस पोटात घालतो आणि महाग पडलेल्या वस्तूचे दोष कबूल करत नाही. व्हिडिओवर ऐकलेल्या आवाजावर तर अजिबात जाऊ नका. त्यात अर्धं काम अ‍ॅम्पचं आणि उरलेलं संगणकाचं असतं.

स्वस्त सामान म्हणजे वाईट आवाज, हेही खरं नाही. नेथन डॅनियल यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत डॅनेलेक्ट्रो गिटारी बनवल्या त्या लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे दाबलेला हार्डबोर्ड, ठोकून. पिकअपचं वेष्टन होतं चक्क लिपस्टिकची धातूची नळी. सिअर्सच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन या नावानं त्या घरोघर गेल्या. १९६२ साली तर अशी गिटार निघाली की तिच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला. जिमी पेजसारख्या माणसानं लेड झेपेलिनच्या मैफलींत डॅनेलेक्ट्रो गळ्यात अडकवली. जपानच्या टिस्को कंपनीच्या साठच्या दशकातल्या गिटारी अमेरिकेत किरकोळीच्या भावात विकल्या गेल्या. त्यांतला सोनेरी पत्र्याचा पिकअप राय कूडरनं काढून आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवला, आणि आज तसे पिकअप गिटारपेक्षा जास्त शोधले जातात. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभा राहून ब्रायन मे जी गिटार वाजवत असे, ती त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली. नेकचं लाकूड शेकोटीवरच्या जुन्या फळीचं, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. तेव्हा सामान ऐकून नाक मुरडू नये, आणि हुरळूनही जाऊ नये. मेच्या घरात गिटार जुळवणारे हात होते. तुमच्या गावात कोण आहे, ते बघा.

आता आपल्या इगतपुरीचं बोलू. इथे घेतलेली गिटार आणि नाशिक शहरात घेतलेली गिटार यांना वेगळा न्याय लावावा लागतो. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, पण घाटमाथ्यावरचं हे गाव वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस झेलतं. नाशिक शहरात त्याच्या पावपटीच्या आसपास पडतो. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला की गार ओल लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडून ओठ फुटतात. लाकूड या दोन्ही टोकांना वर्षातून एकदा जाऊन येतं. महाग गिटारचं लाकूड नीट वाळवलेलं असतं. स्वस्त गिटारच्या लाकडाचं वाळणं पुष्कळदा तुमच्या घरी पूर्ण होतं.

पावसाळ्यात नेक हलते. कधी पुढे वाकते, कधी मागे, आणि कालपर्यंत ठीक वाजणारी तार कुठल्या तरी फ्रेटवर खरखरू लागते. थंडीत उलटा प्रकार होतो. फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची धातूची टोकं कडेला बाहेर येतात, हात सरकवताना टोचतात. टोकं कानशीनं घासून घेता येतात, हा मोठा दोष नव्हे. नेक मात्र आतल्या ट्रस रॉडनं सरळ करता आली पाहिजे, आणि दुर्मीळ जुन्या गिटारीची खरी कसोटी इथेच लागते. जुन्या डॅनेलेक्ट्रोत नेकमध्ये पोलादी पट्ट्या असत, पण त्या फिरवता येत नसत. काही स्वस्त जपानी गिटारींतही तीच गत. कोरड्या गावात अशी गिटार वर्षानुवर्षं सुखानं राहील. इगतपुरीत माझं स्पष्ट मत असं की ट्रस रॉड फिरत नसेल ती गिटार कितीही गोड वाजत असली तरी परत द्यावी.

फिरतो का, ते पाहायचं कसं? सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक अंगाला जिथे जुळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट दिसावी. फट फार असेल किंवा मुळीच नसेल, तर मालकाच्या परवानगीनं ॲलन कीनं रॉड पाव फेरा फिरवून पाहा. पाव फेऱ्यापुढे जाऊ नका. अडकला असेल तर जोर लावू नका, रॉडचा नट तिथेच तुटतो आणि गिटार तुमच्या गळ्यात पडते. मापाची चावी मालकाकडे नसेल तर त्यानं ही गिटार कधी जुळवलेलीच नाही असं समजायला हरकत नाही.

हार्डबोर्ड, एमडीएफ किंवा प्लायच्या अंगाची गिटार असेल तर कडा, स्क्रूची भोकं आणि जॅकची जागा बोटानं चाचपा. रंग उडालेल्या जागेतून ओल शिरते आणि तिथला भाग फुगतो. फुगलेला हार्डबोर्ड पुन्हा बसत नाही. स्ट्रॅपच्या बटणाचा स्क्रू हातानं हलत असेल तर आत भुसा झालाय. भरीव लाकडात तिथे काडी आणि फेव्हिकॉल घालून काम भागतं, फुगलेल्या बोर्डात नाही.

सूर तपासायला बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच यायला हवेत. फरक असेल तर ब्रिजवरची सॅडल मागेपुढे करून तो जातो, पण सॅडल सरकायला जागा उरली आहे का ते पाहा. एका लाकडी पट्टीचा, न सरकणारा ब्रिज असेल तर थोडा बेसूरपणा कायमचा पदरात घेतलाय असं धरा. काहींना तोच आवडतो. मला नाही.

विजेचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण स्वस्त गिटारबद्दलची निम्मी नाराजी ही मुळात घूंऽऽ आवाजाबद्दलची असते. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तार. गिटारच्या तारेचं कंपन ही गुंडाळी पकडते तशीच आसपासच्या विजेच्या वायरींची घरघरही पकडते. इंग्रजी पुस्तकांत हिला ६० सायकलची घरघर म्हणतात, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. आपली ५० ची. इगतपुरीला एसी-डीसीचा इतिहास वेगळा सांगायला नको. मुंबईकडून येणारी रेल्वेची तार १५०० व्होल्ट डीसीची होती आणि इथून पुढची २५ हजार व्होल्ट एसीची, म्हणून कित्येक वर्षं गाड्या इथे थांबून इंजिनं बदलत. पुढे मध्य रेल्वेनं घाटाखालचा मार्गही टप्प्याटप्प्यानं एसी केला. रुळांजवळच्या घरात राहत असाल तर सिंगल कॉइलची गिटार दुकानात न ऐकता स्वतःच्या खोलीत ऐकावी, आणि वाजवताना अंगासकट थोडं वळून पाहावं. दिशा बदलली की घरघर कमीजास्त होते. यावरचा उपाय गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ साली काढला, दोन उलटी कॉइलं शेजारी ठेवून. त्यालाच हंबकर म्हणतात.

घरघर पिकअपची की खराब जोडणीची, हे ओळखण्याची साधी खूण अशी: तारांना हात लावला की आवाज कमी झाला पाहिजे. वाढत असेल तर आतली अर्थची वायर सुटली आहे किंवा उलटी जोडली आहे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र तिथेच थांबा. तो दोष गिटारचा नसतो. अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा घराच्या अर्थिंगचा असतो, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततो. दोन पिनांच्या सॉकेटात बसावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, हे लक्षात ठेवून ती पिन शाबूत ठेवा.

सोबत मल्टिमीटर घेऊन जा, स्वस्तातला चालेल. गिटारमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिप आणि स्लीव्ह यांत रोध मोजा. सिंगल कॉइल साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतं, हंबकर त्याहून जास्त, जुने लिपस्टिक नळीचे पिकअप थोडे कमी. मीटर शेकडो किलोओहम दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलंय, नाहीतर जोड सुटलाय. जोड सुटला असेल तर दहा मिनिटांचं काम. कॉइल तुटलं असेल तर गिटारची किंमत तिथल्या तिथे निम्मी करा. आणि ते कॉइल मोटर वाइंडिंगच्या दुकानात नेऊ नका. पिकअपची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते, मोटरची तार गुंडाळणाऱ्या हाताला ती टिकत नाही.

मग न्यायचं कुणाकडे? गावात गिटार दुरुस्त करणारा सापडला नाही तर बँजो पार्टीतला वादक गाठा. गणपतीत आणि वरातीत दणाणणारा आपला बँजो म्हणजे जपानी ताइशोगोतोचा वंशज. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा लावून ते वाद्य बनवलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून, लाउडस्पीकर जोडून मिरवणुकीत उतरवलं. बँजोवाले स्वतः सोल्डर करतात, पिकअप बदलतात, पावसात भिजलेला जॅक रातोरात चालू करतात. गिटारचा सेटअप त्यांच्याकडून करून घेऊ नका, पण विजेच्या कामात दुकानातल्या मदतनिसापेक्षा ते सरस निघतील.

आता सुट्या भागांचं. दुर्मीळ मॉडेलचा खरा खर्च इथे लपलेला असतो. बटणं, पॉट, जॅक, कपॅसिटर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. पुस्तकात २५० किंवा ५०० किलोओहमचा पॉट लिहिलेला असेल आणि दुकानदार २२० किंवा ४७० दाखवेल. घ्या खुशाल, कानाला फरक कळत नाही. फक्त 'ए' छापाचा मागा, 'बी' छापाच्या पॉटनं व्हॉल्यूम अचानक पडतो. '५१ चं ते गोल फिरणारं स्विचही तिथे जुळवता येतं. अडतं ते धातूच्या भागांपाशी. ब्रिजच्या दोन तारांमधलं अंतर १०.५ मिलिमीटर आहे का, ट्यूनरचं भोक १० चं आहे का, नेक अंगात बसते तिथली रुंदी ५६ मिलिमीटरच्या जवळ आहे का, हे पट्टीनं मोजा. ही मापं जुळली तर कोणत्याही सामान्य गिटारचे भाग बसतात आणि दुर्मीळपणाची भीती उरत नाही. तारेची वाजती लांबीही मोजा: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट करायचं. फेंडरचं बहुधा ६४८ मिलिमीटर येतं. १९९७ च्या सुमाराची जपानी स्क्वायर सुपर-सॉनिक ६१० ची आहे, लहान बोटांना सोयीची, पण तिला बाजारातली नेहमीची फेंडर नेक चालणार नाही. भारतीय बनावटीची जुनी इलेक्ट्रिक हाती आली तर ही मोजणी दुप्पट काळजीनं करा, कारण मापं अनेकदा कारखान्याची स्वतःची असतात.

मग बेरीज मांडा. गिटारची किंमत, तारांचा संच, सेटअपची मजुरी, बदलायचे भाग आणि मुंबईची फेरी. सकाळची पंचवटी पकडली तर सीएसएमटीहून धोबी तलावचं फुर्टाडोज चालत गाठता येतं. एक साधी नवी यामाहा पॅसिफिका ०१२ किंवा आयबानेझ जिओ तिथे हातात घेऊन वाजवून पाहा. तुमची बेरीज त्या किमतीच्या पुढे जात असेल तर विचित्र गिटारचा मोह सोडा. पहिलीच गिटार घेत असाल तर बेरीज न मांडताच सोडा. शिकणाऱ्याला आपलं चुकतंय की गिटारचं, हे कळणं अवघड असतं, आणि बेभरवशाच्या वाद्यावर तो महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देत बसतो. दुसरी किंवा तिसरी गिटार असेल, हाती पेचकस धरायची हौस असेल, तर हीच वस्तू आनंद देईल.

परदेशातल्या भाच्याकडून किंवा मावसबहिणीकडून मागवायची असेल तर फेंडर जातीच्या गिटारीची एक सोय आहे. नेक चार स्क्रूंनी बसवलेली असते. तारा काढून स्क्रू सोडवले की अंग आणि नेक कपड्यांत गुंडाळून मोठ्या सूटकेसमध्ये मावतात. अमेरिकेतला किंवा जपानमधला जुना अ‍ॅम्प मात्र मागवू नका. तो ११०-१२० किंवा १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला की धूर. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण त्याचं वजन अ‍ॅम्पइतकं भरतं.

घरी आल्यावर पहिला पावसाळा सांभाळा. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बंद रेक्झिनच्या पिशवीत तर मुळीच नाही, आत बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून तव्यावर मंद तापवून पुन्हा वापरा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा. आवरण असलेल्या तारा महाग वाटतात, पण इथल्या जुलैत साध्या तारा काळ्या पडायला आठवडा पुरतो. पॉट खरखरू लागले तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, शिवणयंत्राचं तेल घालू नका. नेकची जुळवणी वर्षातून दोनदा, पावसाळा जमल्यावर आणि दिवाळीनंतर.

आत जे काही बदलाल त्याचे मूळ भाग, अगदी मोडके पिकअप आणि गंजलेले स्क्रूसुद्धा, एका पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर दुर्मीळ गिटार शोधणारा माणूस आधी ती पिशवी मागतो. आणि त्यानं तुमचं मत विचारलं तर तारांची जाडी आणि महिनाही सांगा.